१९८४ ला 'थ्रिलर' हरलं! नक्की माशी कुठे शिंकली?

खारी_बिस्कीट · शनिवार, रात्री ९:१४

गेल्या रविवारी लेकीला (वय १४) मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर' गाण्याचा व्हिडिओ दाखवला. तेच ते लाल जॅकेट, थडग्यांतून उठणारी भुतावळ वगैरे. जवळजवळ चौदा मिनिटांचं प्रकरण, पण पोरीने मध्ये एकदाही फोनला हात लावला नाही. माझी कॉलर ताठ. संपल्यावर म्हणाली, "याला तर अवॉर्ड मिळालंच असेल." मी म्हटलं, अगं विचारतेस काय! एमटीव्हीने व्हिडिओ म्युझिक अवॉर्ड्स (व्हीएमए) सुरू केले ना, त्या पहिल्या वर्षीचं पहिलं बक्षीस यालाच. आईच्या अधिकाराने ठोकून दिलं.

पोरगी अर्ध्या मिनिटात म्हणते, "नाही मिळालं." १९८४ चं 'व्हिडिओ ऑफ द इयर' गेलं द कार्स नावाच्या बँडच्या 'यू माइट थिंक'ला. हे गाणं मी जन्मात ऐकलेलं नाही. तेव्हापासून घरात माझ्या प्रत्येक वाक्याची तपासणी चालू आहे. काल आमटीत गूळ घातलाय यावर पुरावा मागितला गेला.

तर जाणकार लोकहो, नक्की माशी कुठे शिंकली? वशिला? वर्णभेद? की ते दुसरं खरंच इतकं भारी होतं? शिवाय या व्हीएमएबद्दल तुमच्या काही आठवणी असतील तर त्याही येऊ द्या. मला स्वतःला सापवाली ब्रिटनी आणि माईक हिसकावणारा कान्ये सोडून काही आठवत नाही.

खवट_खोबरं · ९:२१

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. थ्रिलरमध्ये मायकल थिएटरात बसतो तसा.

जुना_अँटेना · ९:४८

ताई, अगदी रिकाम्या हाताने नाही गेला तो. त्या रात्री 'थ्रिलर'ला तीन मिळाली: सादरीकरण, नृत्यदिग्दर्शन आणि प्रेक्षकांची पसंती. म्हणजे पब्लिकने दिलं, धंद्यातल्या माणसांनी नाही दिलं. तेव्हा मुख्य बक्षिसांचं मतदान संगीत-व्यवसायातली माणसं करायची.

तारीख १४ सप्टेंबर १९८४, न्यूयॉर्कचा रेडिओ सिटी म्युझिक हॉल, सूत्रसंचालक डॅन अॅक्रॉइड आणि बेट मिडलर. पण त्या रात्री सगळ्यात जास्त बाहुल्या (हे बक्षीस म्हणजे चांद्रवीराची बाहुली) घरी नेल्या त्या मायकलनेही नाहीत आणि कार्सनेही नाहीत. त्या नेल्या हर्बी हॅनकॉकने, 'रॉकिट'साठी, पाच! जॅझमधला पट्टीचा कृष्णवर्णीय पियानोवादक, वय तेव्हा चव्वेचाळीस. व्हिडिओत एक घर आहे आणि घरभर यंत्रमानव. कोणी बिछान्यात पाय झाडतंय, कोणाला नुसतंच अर्धं अंग. खुद्द हॅनकॉक दिसतो तो कोपऱ्यातल्या टीव्हीच्या पडद्यावर, आणि तो टीव्हीही शेवटी घराबाहेर फुटून पडतो.

आता तुम्ही वर्णभेद म्हणालात म्हणून. सुरुवातीची दीड-दोन वर्षं एमटीव्हीवर कृष्णवर्णीय कलाकार औषधालाही नसायचे. गायक रिक जेम्स जाहीरपणे बोंब मारत होता. १९८३ मध्ये डेव्हिड बोवीने तर एमटीव्हीच्याच निवेदकाला मुलाखत चालू असताना विचारलं की तुमच्याकडे काळे कलाकार इतके कमी का. निवेदकाने जे काही गुळमुळीत उत्तर दिलं ते आजही नेटवर बघायला मिळतं, जरूर बघा. त्या पार्श्वभूमीवर हॅनकॉकने स्वतःच्या व्हिडिओत इतकं कमी दिसणं हा योगायोग नव्हता. पण 'थ्रिलर' येईपर्यंत मायकलच्याच 'बिली जीन'ने दार उघडलं होतं, आणि थ्रिलर हे तर एमटीव्हीचं लाडकं बाळ झालं होतं. त्यामुळे त्याच्या हरण्याला मी वर्णभेद म्हणणार नाही.

अवांतर: त्याच रात्री मॅडोना भल्यामोठ्या लग्नाच्या केकवरून उतरत गायली. उतरताना बूट निसटला, तो उचलायला म्हणून खाली लोळली, आणि लोकांना वाटलं हे ठरवूनच आहे. हे तिनेच नंतर सांगितलेलं.

मठ्ठा_प्या · ९:५५

एक बाळबोध प्रश्न. गाण्याचं अवॉर्ड आणि बाहुली चांद्रवीराची, हे कसं काय? गिटार नाही, तबला नाही, डायरेक्ट अंतराळवीर?

पार्सिपनीकर · १०:३०

याचं उत्तर माझ्या आवडत्या किश्श्यात आहे. १ ऑगस्ट १९८१ ला मध्यरात्री १२ वाजून १ मिनिटाने एमटीव्ही सुरू झाली. सुरुवातीला काय दाखवायचं? पैसे बेताचे. नासाची चित्रफीत सार्वजनिक मालकीची, फुकट. मग चंद्रावर उतरलेला माणूस घेतला आणि त्याने रोवलेल्या झेंड्याच्या जागी एमटीव्हीचं चिन्ह लावलं. आर्मस्ट्राँगचं ते "छोटं पाऊल"वालं वाक्यही वापरायचं होतं, पण त्याने परवानगी दिली नाही, म्हणून तिथे नुसतं बीप बीप. पहिलं गाणं बगल्सचं 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार'. पुढे १९८४ ला बक्षीस द्यायची वेळ आली तेव्हा तीच आकृती धातूत ओतली. मूनमॅन.

आणि आता आमच्या न्यू जर्सीचा अभिमानाचा क्षण: वाहिनीचं ऑफिस मॅनहॅटनमध्ये, पण मॅनहॅटनच्या केबलवर ती दिसतच नव्हती! म्हणून ही सगळी मंडळी नदी ओलांडून फोर्ट ली गावातल्या एका रेस्टॉरंटात जमली आणि तिथे बसून स्वतःची वाहिनी सुरू होताना पाहिली. मी फोर्ट लीला दर महिन्याला वाणसामान आणायला जातो, पण आजवर कोणी तिथे निळी पाटी लावलेली नाही.

मठ्ठा_प्या · १०:३४

म्हणजे फुकटातल्या फिल्मची झाली बाहुली. जुगाड हा फक्त आपला नाही तर. दंडवत.

खवट_खोबरं · १०:३६

२०१७ पासून त्याला मूनमॅन म्हणायचं नाही, मून पर्सन म्हणायचं. त्याच वर्षी बेस्ट मेल-बेस्ट फीमेल काढून दोघांचं मिळून एक 'आर्टिस्ट ऑफ द इयर' केलं. मराठीत आणायचं तर आली का पंचाईत. चांदोबाचं काय करणार? चांदव्यक्ती?

मनीमाऊ_१९ · १०:४१

चांदोमाऊ.

फ्रेमवेडा · ११:२२

धागा वाचून राहवेना, म्हणून डेडलाइन सोडून लिहितोय. मी गोरेगावात रोटोचं काम करतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सिनेमातल्या माणसाला मागच्या दृश्यापासून सुटं करायचं असतं, त्यासाठी त्याच्या कडेने रेघ काढायची. प्रत्येक फ्रेमला. सेकंदाला चोवीस फ्रेम. हीरोच्या केसांच्या बटा वाऱ्यावर उडत असतील तर आमच्या घरी जेवण थंड होतं. जगातल्या मोठमोठ्या चित्रपटांचं हे हमालीकाम मुंबई, हैदराबाद, चेन्नईत होतं आणि श्रेयनामावलीत आमची नावं लोक खुर्चीवरून उठल्यावर येतात.

आता विचार करा, १९८५ मध्ये संगणक न वापरता हेच काम हाताने. आ-हा या बँडचं 'टेक ऑन मी'. मुलगी हॉटेलात बसून चित्रकथा वाचतेय, पेन्सिलीने काढलेला हात कागदातून बाहेर येतो आणि तिला आत ओढून नेतो. मायकल पॅटरसन आणि कॅन्डिस रेकिंगर या जोडीने जवळपास तीन हजार चित्रं हाताने काढली, सोळा आठवडे लागले. मी विद्यार्थी असताना एक फ्रेम पेन्सिलीने करून पाहिली होती, नुसता चेहरा आणि खांदे. पावणेदोन तास. आणि दुसऱ्या फ्रेममध्ये नाक हललं. म्हणजे नायकाचं नाही, मी काढलेलं नाक जागेवर राहिलं नाही. तर आ-हाच्या व्हिडिओतल्या रेघा अशाच थरथरतात, आणि गंमत म्हणजे त्या थरथरीमुळेच तो जिवंत वाटतो. आमच्याकडे अशी थरथर दिसली की सुपरवायझर शॉट परत पाठवतो.

१९८६ च्या व्हीएमएमध्ये या व्हिडिओने सहा बाहुल्या मिळवल्या. पण 'व्हिडिओ ऑफ द इयर' हरला! कोणाकडून? डायर स्ट्रेट्सच्या 'मनी फॉर नथिंग'कडून, ज्यात संगणकाने केलेली ठोकळ्यांची माणसं फ्रिज उचलतात. दोन्हींचा दिग्दर्शक एकच, स्टीव्ह बॅरन. बाबा स्वतःच स्वतःकडून हरला. हाच माणूस 'बिली जीन'चाही दिग्दर्शक.

आणि १९८७: पीटर गॅब्रिएलचं 'स्लेजहॅमर'. एका रात्रीत नऊ. हा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. गॅब्रिएल काचेच्या तावाखाली सोळा तास पडून होता. त्याच्या डोक्याभोवती फळं, मासे, ढग एकेक फ्रेम सरकवत होते. मासळीचा वास आणि स्टुडिओतले गरम दिवे एकत्र कल्पा. त्यातल्या सोललेल्या, बिनडोक्याच्या दोन कोंबड्यांचा नाच निक पार्कने केलाय, ज्याने पुढे 'वॉलेस अँड ग्रॉमिट' केलं.

जुना_अँटेना · ११:३१

फ्रेमवेडा, प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. एक भर: त्या वर्षी गॅब्रिएलला 'व्हिडिओ व्हॅनगार्ड' हे सन्मानाचं बक्षीसही मिळालं, म्हणजे एकूण दहा. हे व्हॅनगार्ड पहिल्या वर्षी बीटल्स, बोवी आणि दिग्दर्शक रिचर्ड लेस्टर यांना दिलं होतं. १९९१ पासून त्याला मायकल जॅक्सनचं नाव लावलं. थ्रिलर हरल्याची भरपाई म्हणा हवं तर.

रस्सा_मंडळ · रविवार, सकाळी ८:०५

फ्रेमवेडा भावा, तुझं काम नादखुळा, पण खरं बोलू का? तुझी तीन हजार चित्रं कोणाच्या ध्यानात नाहीत. लोकांच्या ध्यानात राहतो तो राडा. मॅडोनाचा केक, ब्रिटनीच्या खांद्यावरचा अजगर (२००१), लेडी गागाचा मटणाचा ड्रेस (२०१०). त्या मटणाच्या ड्रेसवर आमच्या कोल्हापुरात किती दिवस चर्चा झाली सांगू? सगळ्यांचा एकच सवाल, पांढरा का तांबडा.

१९९२ ला निर्वाणा या रॉक बँडने केलेलं बघा. वाहिनीवाल्यांनी सांगितलं होतं अमुक गाणं म्हणायचं नाही. कर्ट कोबेनने सुरुवात त्याच गाण्याने केली, कंट्रोल रूममध्ये सगळ्यांना घाम फोडला, आणि दोन ओळींनंतर 'लिथियम' चालू केलं. शेवटी त्यांच्या बेसवाल्याने बेस गिटार उंच फेकली, झेलायची राहिली, ती थेट टाळक्यात. असा कार्यक्रम कोण चुकवंल?

आता माझी गोष्ट. १९९९, सप्टेंबर. गणपती दोन-तीन दिवसांवर. आम्ही बापलेक हॉलमध्ये पेपर पसरून थर्माकोलचं मखर करतोय. पप्पांच्या हातात ते तारेचं कटर, तापलेलं. कमानीची नक्षी कापत होते, जिभेचं टोक ओठाबाहेर, श्वास रोखून. मी टीव्हीवर व्हीएमएचं पुनःप्रक्षेपण लावलेलं आणि व्हीसीआरवर टेप करत होतो. तेवढ्यात मंचावर रॅपर लिल किम आली. जांभळा पोशाख, पण एका बाजूला जवळपास पोशाखच नाही, नुसती एक चकती. शेजारी गायिका डायना रॉस. तिने काय करावं? सरळ हात लावून हलवून बघितलं!

पप्पांनी मान वर केली. कटर खाली गेलं. कमान मधोमध दोन तुकडे. दोघंही काही बोललो नाही. पप्पा म्हणाले, "फेविकॉल आण." त्या वर्षी आमच्या गणपतीच्या डोक्यावर जोड दिलेली कमान होती, आणि जोड झाकायला आईने लावलेली झेंडूची माळ. आईला आजतागायत कारण माहीत नाही.

खारी_बिस्कीट · ८:२०

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)!! चहा नाकातून बाहेर आला.

साडेसाती_चालू · ८:४४

हे सगळं अमेरिकन थेर मराठी संस्थळावर कशासाठी? त्यांना गाणं येत नाही म्हणून कपडे काढावे लागतात. आपल्याकडे कलाकार बसून गातात आणि लोक मान डोलावतात. त्यात व्हिडिओ लागत नाही.

खवट_खोबरं · ८:४७

काका, धाग्यावर आलात, तीस प्रतिसाद वाचलेत, आता पॉपकॉर्न पण घ्या.

मठ्ठा_प्या · ८:४९

तीस नाहीत, अकरा. खोबरं नेहमीप्रमाणे वाढवून सांगतंय.

दुसरी_घंटा · ९:३०

साडेसाती, तुम्ही हे "त्यांचं" म्हणताय त्यात आपलीही माणसं आहेत. १९९१ चा 'व्हिडिओ ऑफ द इयर' होता आर.ई.एम. या बँडचा 'लूझिंग माय रिलिजन'. एकूण सहा बक्षिसं, त्यात दिग्दर्शनाचंही. दिग्दर्शक तरसेम सिंग, जन्म जालंधरचा. त्या व्हिडिओत खिडकीतून येणारा तिरपा उजेड, काराव्हाजिओच्या चित्रांसारख्या चौकटी, पंख असलेला म्हातारा, देवीदेवतांसारखी नटून बसलेली माणसं. निळा रंग अंगाला फासलेली व्यक्ती पाहून मला लहानपणी घरी असलेलं कॅलेंडर आठवलं होतं, दिग्दर्शक कोण हे तेव्हा माहीतही नव्हतं. नंतर कळलं आणि म्हटलं, तरीच!

आणि आपल्या मुंबईचं म्हणाल तर इंडस क्रीड. म्हणजे आधीचं रॉक मशीन. 'प्रिटी चाइल्ड'च्या व्हिडिओला आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचं व्हीएमए मिळालं, नव्वदच्या दशकात. तेव्हा एमटीव्हीच्या वेगवेगळ्या देशांतल्या वाहिन्यांचे प्रेक्षक आपापला विजेता निवडायचे, पुढे एमटीव्ही इंडिया आल्यावर तिचंही वेगळं असायचं. कॉलेजात आमच्या गॅंगमधला ड्रमर दोन दिवस असा चालत होता जणू ती बाहुली त्याच्याच माळ्यावर ठेवली आहे.

साडेसाती_चालू · ९:४१

तरसेम सिंगांचं माहीत नव्हतं. बघतो.

खवट_खोबरं · ९:४२

संस्थळाच्या इतिहासात प्रथमच कोणीतरी "माहीत नव्हतं" म्हणालं. संपादकांनी कृपया हा प्रतिसाद फ्रेम करून लावावा.

पार्सिपनीकर · १०:१५

राड्यावरून, २००९. १३ सप्टेंबरची रात्र, आम्ही चौघं रूममेट जेवता जेवता बघत होतो. टेलर स्विफ्ट, १९ वर्षांची पोर, 'यू बिलाँग विथ मी'ला बेस्ट फीमेल व्हिडिओ मिळालं म्हणून आभार मानतेय आणि रॅपर कान्ये वेस्ट सरळ वर जाऊन माईक काढून घेतो. सांगतो की बियॉन्सेचा व्हिडिओ सर्वकालीन श्रेष्ठांपैकी एक. कॅमेरा बियॉन्सेवर, ती बिचारी अवाक. आमच्या घरातला भात तसाच ताटात.

पण पुढचं लोक विसरतात. त्याच रात्री शेवटी 'व्हिडिओ ऑफ द इयर' बियॉन्सेलाच मिळालं, 'सिंगल लेडीज'साठी, आणि तिने स्वतःचं भाषण सोडून टेलरला वर बोलावलं, "तुझं राहिलेलं बोल." म्हणजे कान्येने दोन तास दम धरला असता तर काहीच बिघडत नव्हतं.

दुसरी_घंटा · १०:२२

आपल्या संमेलनांत हे होऊ शकत नाही. माईक आधीच बंद पडलेला असतो.

जुना_अँटेना · १०:५०

राड्यात माझा नंबर एक मात्र २००२. २९ ऑगस्ट, मायकल जॅक्सनचा वाढदिवस. ब्रिटनीने केक द्यायला त्याला मंचावर बोलावलं आणि ओघात म्हणाली, माझ्या मते हा सहस्रकाचा कलाकार. मायकलला वाटलं, सहस्रकाचा कलाकार असं खरंच बक्षीस दिलं! त्याने चक्क स्वीकृतीचं भाषण केलं. देवाचे आभार, आईवडिलांचे आभार, जादूगार डेव्हिड ब्लेनचेही आभार. असं काही बक्षीस नव्हतंच. बघताना हसू येतं आणि मग येईनासं होतं.

खवट_खोबरं · १०:५३

वाढदिवसाला केक दिला ते ठीक. नारळ दिला असता तर?

मनीमाऊ_१९ · ११:३५

तुम्ही सगळे काका-काकू १९९९ वर का थांबलात? मी २०१९ पासून मत देतेय. कोरियन बँड बीटीएससाठी. त्या वर्षी पहिल्यांदा के-पॉपचा, म्हणजे कोरियन पॉपचा, वेगळा विभाग काढला आणि आम्ही सगळे चिडलो, कारण मुख्य विभागात जागा द्यायची नाही म्हणून वेगळं पान वाढल्यासारखं ते वाटलं. तरी दोन घेतलीच, के-पॉप आणि बेस्ट ग्रुप. मतदान म्हणजे काय असतं माहितीय? गजर लावून, रोजची मर्यादा संपेपर्यंत, मग भावाच्या फोनवरून, मग आजीच्या. माझ्या आजीने 'बॉय विथ लव्ह'ला किती मतं दिलीत ते तिलाही माहीत नाही.

आणि टेलरबद्दल: त्या रात्री माईक गेलेल्या पोरीने पुढे 'व्हिडिओ ऑफ द इयर' पाच वेळा घेतलं. २०१५, २०१९, २०२२, २०२३, २०२४. बाकी कोणाच्याही जवळपास नाही.

जुना_अँटेना · दुपारी १२:१०

मनीमाऊ, तुझ्या आजीला नमस्कार, पण घोळ तिथेच झाला ना. २००६ पासून मोठ्या विभागांचं मतदान नेटवर प्रेक्षकांच्या हाती दिलं. तेव्हापासून व्हिडिओ चांगला की फौज मोठी, हे वेगळं काढताच येत नाही.

मनीमाऊ_१९ · १२:१४

आणि आधी व्यावसायिक लोक मत द्यायचे तेव्हा थ्रिलर हरलं. 🙂

खारी_बिस्कीट · १२:१६

ठ्ठो!

जुना_अँटेना · १२:४०

बाणाला मान. पण व्यावसायिकांनी हिंमतही दाखवलीय हे लक्षात घे. १९८९: नील यंगचा 'धिस नोट्स फॉर यू'. शीतपेयांच्या आणि बिअरच्या जाहिरातींत गाणाऱ्या स्टार मंडळींची टर उडवणारा व्हिडिओ. एमटीव्हीने दाखवायलाच नकार दिला होता. नंतर झक मारत दाखवला, आणि वर्षाचा सर्वोत्कृष्ट व्हिडिओ तोच ठरला! त्याच रात्री प्रेक्षक-पसंती मॅडोनाच्या 'लाइक अ प्रेयर'ला. हे बक्षीस पेप्सीने प्रायोजित केलेलं, आणि पेप्सीने याच गाण्यावरून वाद झाल्यावर तिची जाहिरात मागे घेतली होती. तिने मंचावरून पेप्सीचे खास आभार मानले, इतका गाजावाजा करून दिल्याबद्दल.

आणि चुकले तेव्हा चूकही कबूल केली. बीस्टी बॉइजचा 'सॅबोटाज', खोट्या मिशा लावलेले पोलीस, १९९४ ला पाच नामांकनं, शून्य बक्षिसं. दिग्दर्शनाचं आर.ई.एम.ला गेलं तेव्हा बीस्टीतला अॅडम यॉक स्विस शेतकऱ्याच्या वेशात मंचावर चढून निषेध करून आला (कान्येच्या पंधरा वर्षं आधी, आणि जास्त सभ्यपणे). २००९ ला एमटीव्हीने खास विभागच काढला: ज्याला मूनमॅन मिळायला हवा होता असा व्हिडिओ. मिळाला 'सॅबोटाज'लाच.

मठ्ठा_प्या · १२:४४

मग त्या विभागात थ्रिलर का नाही घातलं? धागाकर्तीचा प्रश्न तिथेच सुटला असता.

फ्रेमवेडा · दुपारी ३:०५

मूळ प्रश्नाचं उत्तर आत्तापर्यंत कोणीच दिलेलं नाही हे बघून आज 'यू माइट थिंक' चार वेळा पाहिलं. एकदा गाण्यासाठी, तीनदा फ्रेम थांबवून.

गोष्ट काहीच नाही. कार्सचा गायक रिक ओकासेक, हा उंच काटकुळा, एका मुलीच्या मागे लागलाय. ती आंघोळीला बसली की टबातून पाणबुडीच्या दुर्बिणीवर त्याचं डोकं वर येतं. एम्पायर स्टेट इमारतीवर तो किंग काँग होऊन उभा. आणि ताई, नीट वाचा: एका ठिकाणी तो माशी होऊन तिच्याभोवती घोंगावतो. माशीचं अंग, ओकासेकचं डोकं.

खवट_खोबरं · ३:०७

म्हणजे माशी शिंकली नाही. माशी जिंकली.

खारी_बिस्कीट · ३:०८

🙏 धाग्याचं शीर्षक सार्थकी लागलं. मी खरंच काहीही माहीत नसताना लिहिलं होतं!

फ्रेमवेडा · ३:३०

थांबा, पुरतं सांगू द्या. आज ते बघायला मजेशीर आणि थोडं ओबडधोबड वाटतं, कडा दिसतात, जोड दिसतात. पण तेव्हा इतक्या प्रतिमा एकमेकांवर चढवून, माणूस कापून कुठेही चिकटवणं कोणी गाण्याच्या व्हिडिओत केलं नव्हतं. न्यूयॉर्कच्या चार्लेक्स या कंपनीने ते केलं. मत देणारे लोक याच धंद्यातले. त्यांनी 'थ्रिलर' पाहिलं तेव्हा त्यांना उत्तम सिनेमा दिसला: जॉन लँडिसचं दिग्दर्शन, रिक बेकरचा मेकअप, नाच, संवाद, सगळं आधीपासून माहीत असलेल्या विद्येतलं, फक्त अव्वल दर्जाचं. 'यू माइट थिंक' आणि 'रॉकिट' पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं असणार, अरे, हे आपल्याला येत नाही. मीही मत देताना बहुतेक तसंच दिलं असतं. माझ्या धंद्यात कोणी नवीन काही केलं की आधी मत्सर होतो, मग टाळी वाजते.

म्हणून माझं म्हणणं: वशिला नाही, वर्णभेद नाही. १९८४ च्या माणसाला उद्याचं यंत्र दिसलं आणि तो भुलला. पुढे यंत्र सगळ्यांकडे आलं आणि माशीची किंमत गेली. भुतांचा नाच कोणाकडेच आला नाही.

रस्सा_मंडळ · ३:४१

फ्रेमवेडा, सकाळचे शब्द मागे. तीन हजार चित्रं लक्षात राहतील.

साडेसाती_चालू · संध्याकाळी ६:२०

'लूझिंग माय रिलिजन' पाहिलं. गायक काही खास नाही. पण तो उजेड खिडकीतून येतो ना... दोनदा पाहिलं.

पार्सिपनीकर · सोमवार, सकाळी ६:५०

ताजी खबर म्हणून: २०२५ चा सोहळा ७ सप्टेंबरला लाँग आयलंडच्या यूबीएस अरीनात झाला, आणि पहिल्यांदाच सीबीएससारख्या सर्वसाधारण वाहिनीवरही दाखवला. व्हिडिओ ऑफ द इयर आरियाना ग्रांडे. आणि ३१ डिसेंबर २०२५ ला ब्रिटनमधल्या एमटीव्हीच्या फक्त गाणी दाखवणाऱ्या वाहिन्या बंद केल्या. एमटीव्ही म्युझिकने शेवटचं गाणं कोणतं लावलं असेल? बगल्स. तेच, १९८१ वालं.

खारी_बिस्कीट · रात्री ९:०२

काल रात्री लेकीला दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावून दाखवले आणि फ्रेमवेडा यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिचा निकाल: "माशी क्यूट आहे. पण तू तरी चुकीचंच सांगितलं होतंस." आमटीच्या गुळावरची चौकशी चालू राहील असं दिसतंय.

रस्सा_मंडळ, ती टेप आहे का हो अजून?

रस्सा_मंडळ · ९:४०

आहे, माळ्यावर. आज काढली. वरच्या चिकटपट्टीवर पप्पांच्या अक्षरात लिहिलंय "गणेशोत्सव ९९". बुरशी धरलीय, आणि व्हीसीआर केव्हाच भंगारात गेला. पुण्यात कोणी कॅसेट साफ करून संगणकावर घेऊन देतं का? पण दुकानदार विश्वासू पाहिजे. आईला दाखवायची आधी मी एकट्याने बघणार आहे.